अभयारण्याच्या नाल्यात रिकाम्या होणाऱ्या ट्रॉल्या: आधी पंचनामा, मग झाडू

रानपायवाट (रविवार, रात्री ९:१०)

मंडळी, मी रावेर-यावल पट्ट्यातला. घरापासून सातपुड्याचा पायथा सायकलच्या टप्प्यात आहे. वडिलांनी वीस वर्षं रोपवाटिकेत रोजंदारी केली. आता गुडघे बोलतात, तरी महिन्यातून एकदा जंगलात नेल्याशिवाय त्यांना करमत नाही. आज पहाटे असेच दोघं निघालो होतो.

घाटाच्या अलीकडे एक मोरी आहे. खालच्या नाल्यात पौषातही दोन-तीन डोह टिकून असतात, म्हणून सकाळी तिथे सांबराचे खूर दिसतात, मोरांची पावलं दिसतात. आज मोरीवर पोचायच्या आधीच वास आला. खाली तीन ट्रॉल्यांचा तरी माल ओतलेला होता. घराच्या पाडकामाचं डबर, त्यावर केळीच्या घडाला घालतात त्या निळ्या पिशव्यांचे गठ्ठे, कोंबडीची पिसं-आतडी भरलेली पोती आणि बाजूला सलाईनच्या बाटल्या, नळ्यांसकट. एक पोतं फुटून थेट डोहात गेलेलं. पाण्यावर तेलासारखा तवंग होता.

वडील खाली उतरले आणि एका ठिकाणी बसूनच राहिले. समोर अस्वलाची विष्ठा होती. या दिवसांत तिच्यात बोराच्या बियाच बिया असतात, तशा होत्याच. पण मध्ये निळा धागा दिसत होता. वडिलांनी काडीने ओढला, तर तो येतच राहिला. हातभर लांब, पीळ पडलेली प्लास्टिकची पट्टी निघाली. वडील एवढंच म्हणाले, "हे बाहेर पडलं म्हून दिसलं. जे पोटातच राहिलं ते कसं दिसीन?"

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, साधारण १७७ चौरस किलोमीटर. पाल, लंगडा आंबा, जामन्या ही नावं ऐकली असतील. सुकी नदी याच डोंगरातून खाली येते आणि तिच्यावरच्या गारबर्डी धरणाचं पाणी आमच्या केळीला जातं. म्हणजे वर ओतलेलं पावसात आपल्याच बागेत उतरणार आहे.

१९२६ हा वनखात्याचा टोल फ्री नंबर. लगेच फोन लावला, तक्रार नोंदवली. दुपारी एक वनरक्षक आला. माणूस चांगला, पण एकटा आणि मोठ्या बीटवरचा. म्हणाला, रस्ता बांधकामवाल्यांचा, मोरीच्या अलीकडचा उतार ग्रामपंचायतीचा, अभयारण्याची हद्द मोरीच्या पलीकडच्या खांबापासून. मी त्याला दाखवलं, अर्धा ढीग खांबाच्या आत आहे. तो म्हणाला, "साहेबांना कळवतो."

एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं झालंय, ते मांडतो. असा ढीग दिसला की आपण पोरं गोळा करतो, हातमोजे घालतो, साफ करतो, फोटो टाकतो. पंधरा दिवसांत तिथेच नवी ट्रॉली रिकामी होते. याआधी दोनदा मी स्वतः हे केलंय. आता वाटतं, आपण दोन्ही वेळा टाकणाऱ्याचा पुरावा आपल्या हाताने उचलून नेला. ढिगात पत्ता असतो. आज मी कशाला हात न लावता नुसतं पाहिलं, तरी एका पोत्यावर छापील नाव आणि एका पिवळ्या पिशवीवर बारकोड दिसला. नेमकी जागा आणि नावं इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. कायद्यातलं कोणाला नीट माहीत असेल तर सांगा.

तापीकाठ (रविवार, रात्री ९:४८)

वाचून सुन्न झालो. मी मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात. येत्या रविवारी आम्ही आठ-दहा जण येऊ शकतो. पोती, फावडी, गाडी सगळं आणतो. पंचनाम्याची वाट पाहण्यात महिना गेला तर तोवर जनावरं तेच खात राहतील. तुमचा मुद्दा कळतो, पण अस्वलाला पंचनामा काय समजणार? आधी उचलू या.

काळा_कोट (रविवार, रात्री १०:३०)

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. वनगुन्ह्याच्या केसेस कशामुळे पडतात ते जवळून पाहिलंय: जागा नक्की नाही, पंच नाहीत, जप्त वस्तू कोणी कुठून उचलली याचा मेळ नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७(४) काढून वाचा. अभयारण्याच्या जमिनीवर कचरा टाकायला त्यात सरळ मनाई आहे, वेगळा अर्थ लावावा लागत नाही. कलम २९ अधिवासाचं कोणत्याही कृतीने होणारं नुकसान आणि पाण्याचा प्रवाह अडवणं-वळवणं रोखतं. डबर नाल्यात टाकलंय ना, मग हे कलम बघायलाच हवं. कलम ३२ मध्ये वन्यजीवांना इजा होईल असे पदार्थ वापरायला बंदी आहे. शिक्षा कलम ५१ मध्ये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

टाकणाऱ्याला खरी धडकी भरते ती वाहनामुळे. कलम ५० खाली ट्रॅक्टर-ट्रॉली जप्त होऊ शकते आणि गुन्हा सिद्ध झाला तर कलम ३९ प्रमाणे ती सरकारजमा होते. ग्रामपंचायतीच्या पाचशे रुपयांच्या पावतीला कोणी भीत नाही. ट्रॅक्टर जाणार म्हटलं की रात्रीची झोप उडते.

मुक्ताईनगरकडच्या वाचकांसाठी: मुक्ताई-भवानी हे अभयारण्य नाही, संवर्धन राखीव क्षेत्र आहे. म्हणून तिथे काही चालतं असा गैरसमज आहे. कलम ३६अ प्रमाणे २७(४) आणि ३२ तिथेही लागू आहेत. २९ मात्र नाही. तिथल्या वढोद्याच्या जंगलात वाघ फिरतो. तिथला ढीग आपण तर मुळीच सोडू नये.

@तापीकाठ, पंचनाम्याला महिना लागायची गरज नाही. लेखी अर्ज वनक्षेत्रपालांना, प्रत उपवनसंरक्षकांना, पोच घ्या. अक्षांश-रेखांश दिसतील असे फोटो, हद्दीचा खांब आणि ढीग एकाच चौकटीत. पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, फाडला का आणि नंबर काय, हे विचारा. तो नंबर मिळाला की प्रकरण कागदावर आलं. पंचनामा झाला की त्याच दिवशी उचला, मीही येते.

पांढरा_एप्रन (रविवार, रात्री ११:१५)

कृपया कोणीही त्या सलाईनच्या पोत्यांना साध्या रबरी मोज्याने हात लावू नका. मी लॅबमध्ये काम करतो. सुई टोचली तर कावीळ बी, सी, एचआयव्ही, सगळ्याची तपासणी करत महिने काढावे लागतात. माझ्या सहकाऱ्याने काढलेत.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी असते. सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या लाल पिशवीत, मलमपट्टी आणि मुदत संपलेली औषधं पिवळीत, सुया पांढऱ्या डब्यात. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीला द्यायचा. आणि पिशवीला बारकोड लावायचा. तो बारकोड नेमका कोणत्या दवाखान्याचा हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला काढता येतं. तुम्हाला पिवळी पिशवी दिसली असेल तर कचऱ्याच्या मालकाचा पत्ताच हाती लागलाय. अर्जाची एक प्रत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयालाही द्या.

मनाला लागतं ते हे, की मोठ्या रुग्णालयांची गाडी येते, पण खेड्यातला दोन खाटांचा दवाखाना कित्येकदा त्या साखळीत नसतोच. तिथला कंपाउंडर पोतं भरतो आणि जो नेईल त्याला देतो.

गिरणाकाठ (सोमवार, सकाळी ७:०५)

मी चाळीसगावकडचा. आमच्या कन्नड घाटाची कथा याहून वेगळी नाही. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, २६० चौरस किलोमीटर, आणि त्याच्या मधून हमरस्ता जातो. ट्रक थांबतात, हॉटेलचं उष्टं-खरकटं रात्री कठड्यावरून ढकललं जातं. वानरं त्या कठड्यावर जन्मली आणि तिथेच मोठी झाली, रानातली फळं शोधायचं त्यांना माहीतच नाही. मागच्या वर्षी एका पोराला पिंप उलटं करताना मी धरलं. तो शांतपणे म्हणाला, "आठे कोन देखस, भाऊ?"

आठे कोन देखस, इथे कोण बघतं! तेच तर आहे सगळं.

पाटणादेवीला जाणाऱ्यांनाही सांगायचंय. भास्कराचार्यांच्या नावाचा शिलालेख सांभाळणारं हे गाव. तिथे पाटीच्या मागेच थर्माकोलच्या ताटल्या पडलेल्या पाहिल्या की मान खाली जाते. आपल्याकडे हिवाळा आला की भरीत पार्टी आलीच. वांगी भाजायला काट्या-कुट्या जंगलातल्या, जेवायला केळीचं पान सोडून थर्माकोल. केळीच्या खान्देशात केळीचं पान मिळत नाही?

रानपायवाट (सोमवार, सकाळी ७:४०)

@गिरणाकाठ, पार्टीवाल्यांचा मलाही राग येतो. पण चाळीस ताटल्या आणि तीन ट्रॉल्या यांना एका तागडीत घालू नका. पार्टीवाल्यांना बोलणं सोपं आहे, ते समोर दिसतात. ट्रॉली रात्री दोनला येते.

@काळा_कोट, ताई, फार आभार. आजच अर्ज देतो.

केळीबाग (सोमवार, दुपारी १:२०)

निळ्या पिशव्या वाचल्या आणि तोंडचा घास कडू झाला. त्या माझ्याही असू शकतात.

थंडीत घडाला पिशवी घातली नाही तर केळी चिरते, काळी पडते, व्यापारी भाव पाडतो. ५ बाय ५ फुटांवर लागवड असली तर एकरी सतराशेच्या वर झाडं. एका घडाला एक पिशवी. माझे सहा एकर आहेत, हिशेब तुम्हीच करा. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला पैसे देऊन नेतो. या पिशव्या कोणी फुकटही नेत नाही. पातळ असतात, चीक लागलेला असतो, मातीने भरतात. पूर्वी बांधावर जाळायचो. धुराने आईचा दमा वाढला, तेव्हा बंद केलं. मग एक ट्रॉलीवाला आला, म्हणाला शंभर रुपये खेप द्या, मी लावतो विल्हेवाट. विचारलं नाही कुठे लावतो. विचारायला हवं होतं.

मी आता न विणलेल्या कापडी पिशव्या आणल्यात. महाग पडतात, पण धुऊन-वाळवून पुढच्या बागेला पुन्हा घालता येतात. पण गावात माझ्यासारखे दोनशे शेतकरी आहेत. गोळा करायला एक शेड आणि वर्षातून दोनदा उचलणारी गाडी मिळाली, तर जंगलात एकही पिशवी जाणार नाही. जळगावात प्लास्टिकच्या चटया बनतात, नळ्या बनतात, आणि पिशव्या घ्यायला कोणी नाही?

चाक_आणि_रस्ता (सोमवार, रात्री ८:५५)

खूप वेळ लिहू की नको असं केलं. माझा ट्रॅक्टर आहे, कर्जाचा. मी या नाल्यात टाकलेलं नाही, पण दुसरीकडे टाकलंय. खोटं बोलत नाही.

पाडकामाचं डबर उचलायला बोलावतात. विचारतो कुठे टाकू, तर म्हणतात "कुठेही टाक, गावात नको." पालिकेचा डेपो संध्याकाळी बंद होतो, दिवसा ट्रॉली घेऊन बाजारातून गेलं की अडवतात. डिझेल वजा जाता हातात तीनशे रुपये राहतात. पकडला गेलो तर ट्रॅक्टर माझा जाईल. माल देणारा घरी झोपलेला असेल. तुम्ही सगळे ट्रॅक्टर जप्त करा म्हणताय, म्हणून लिहिलं.

आणि अजून एक. उन्हाळ्यात ते जंगल नुसतं उजाड दिसतं. सागाला पान नाही, खाली गवत जळलेलं. आम्हाला वाटतं, इथे आहेच काय?

काळा_कोट (सोमवार, रात्री ९:२५)

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. कलम ५२ वाचा. गुन्ह्याला मदत करणारा, चिथावणी देणाराही त्याच शिक्षेला पात्र आहे. "कुठेही टाक" म्हणणारा त्यात येतो, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून यापुढे माल उचलताना चिठ्ठी घ्या: कोणाचा माल, किती, कुठे टाकायचा, सही. सही द्यायला नकार दिला तर खेप घेऊ नका. घनकचरा नियमांत कचरा निर्माण करणाऱ्याने तो रस्त्यावर, नाल्यात, मोकळ्या जागी टाकायचा नाही असं स्पष्ट आहे. जबाबदारी घरमालकाची आहे, ती तुमच्या ट्रॉलीत बसून त्याच्या अंगावरून उतरत नाही.

रानपायवाट (सोमवार, रात्री १०:०५)

@चाक_आणि_रस्ता, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, कारण हा प्रश्न मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलाय.

त्या उजाड सागात रानपिंगळा राहतो. वीतभर घुबड, दिवसा हिंडणारं. १८८४ नंतर ते कोणालाच दिसलं नाही. जगातून संपलं असं धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या जंगलात आले आणि ते त्यांना दिसलं. ११३ वर्षांनी. कुठल्या घनदाट अरण्यात नाही दादा, आपल्या पानगळीच्या, मोकळ्या, उन्हात करपलेल्या सातपुड्यात. पुढे तोरणमाळला, आमच्या यावलच्या जंगलातही सापडलं. ते खालच्या फांदीवर बसतं आणि जमिनीवरचे सरडे, उंदीर टिपतं. त्याला ती उघडी जमीनच हवी असते. आपण डबर ओततो ते नेमकं तिथे.

वडिलांनी मला लहानपणी तो आवाज ऐकवला होता. तेव्हा नाव माहीत नव्हतं.

डोंगरकोना (मंगळवार, दुपारी १२:३०)

मी पावरा आदिवासी आहे, चोपड्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तुम्ही सगळ्यांनी कायदा सांगितला, आता आमचं ऐका.

माझ्या आजीला वाळलेल्या काड्यांच्या मोळीसाठी नाक्यावर दोन तास उभं केलं होतं. मी सोबत होतो, दहा वर्षांचा. त्याच नाक्यावरून भरलेल्या ट्रॉल्या वर जातात आणि रिकाम्या खाली येतात. कोणी विचारत नाही, जंगलात भरून काय चाललंय? जंगलातून बाहेर येणाऱ्यावर नजर आहे, आत जाणाऱ्यावर नाही. हे आधी बदला.

आमच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालाय. त्यात जंगल राखायचा हक्क आहे. कलम ५ प्रमाणे तर ग्रामसभेला अधिकारच आहे. आम्ही काय केलं? पाड्याच्या तोंडाशी रात्री बांबू आडवा टाकतो. दोन माणसांची पाळी असते. गाडी आली की नंबर वहीत लिहायचा, माल काय ते बघायचं, सही घ्यायची. भांडण नाही, मारामारी नाही. पहिल्या महिन्यात सात गाड्या जंगलात न जाता परत फिरल्या. नंतर कोणी आलंच नाही. वही अजून आहे.

आमच्याही चुका आहेत. मोह वेचायला झाडाखाली पाला जाळतो, आग पसरते. पण पूर्वी आग पाल्याची होती, विझायची. आता पाल्यात प्लास्टिक असतं, ते वितळून चिकटतं आणि धुमसत राहतं. गेल्या फाल्गुनात मोहाच्या बुंध्यापाशी रात्रभर धुमसलं. ते झाड माझ्या आजोबांच्या आधीचं होतं.

आणि गाय. शेजाऱ्यांची गाय फुगून मेली. डॉक्टरने पोट फाडलं, आतून घमेलंभर प्लास्टिक निघालं. गाय घरची म्हणून फाडून पाहिली. रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, पोट कोण फाडून बघतो?

तापीकाठ (मंगळवार, रात्री ९:१५)

@डोंगरकोना, मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. रविवारी येऊन साफ करून पुण्याला परत जाणं सोपं होतं. वहीचा नमुना टाकाल का?

डोंगरकोना (मंगळवार, रात्री १०:००)

नमुना म्हणजे काय, शंभर पानी वही. तारीख, वेळ, गाडी नंबर, माल, कुठून, कुठे, सही. शेवटचा रकाना पाळीवाल्यांच्या नावाचा. अंगठा असला तरी चालतो.

रानपायवाट (शुक्रवार, रात्री ८:२०)

घडलेलं सांगतो.

बुधवारी पुन्हा गेलो, अर्जाची पोच दाखवली. काल सकाळी पंचनामा झाला. वनक्षेत्रपाल स्वतः आले, तोच वनरक्षक सोबत होता, पंच म्हणून गावातली दोन माणसं. टेप लावून मोजलं. ढिगाचा निम्म्याहून जास्त भाग खांबाच्या आत निघाला. पीओआर नंबर मिळाला. पोत्यावरचं नाव, पिवळ्या पिशवीचा बारकोड, डबरात सापडलेलं एक वीजबिल, सगळं नोंदलं. अस्वलाची ती विष्ठा वडिलांनी स्वतः दाखवली. साहेबांनी फोटो घेतला, धाग्यासकट.

कोणाचा माल होता ते इथे सांगणार नाही. चौकशी चालू आहे.

@काळा_कोट, पुढे काहीच झालं नाही तर कलम ५५ ची ६० दिवसांची नोटीस आपणच द्यायची ना? त्यानंतर नागरिकालाही थेट कोर्टात तक्रार करता येते, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

आता उचलायची परवानगी मिळाली आहे. सलाईनचा माल मंडळाच्या माणसांसमोर वेगळी गाडी नेणार, त्याला आपण हात लावायचा नाही. पिसांची पोती वरच्या पडीक रानात खोल खड्ड्यात पुरायची, नाल्यापासून लांब, जागा साहेबांनी दाखवली आहे. डबर आणि पिशव्या आपल्याकडे. रविवारी सकाळी सहाला. जाड चामडी मोजे, पायात बूट, पाणी. डोहातलं पोतं काढायला दोर लागेल.

केळीबाग (शुक्रवार, रात्री ८:४५)

मी आणि मुलगा येतो. पिशव्या मी माझ्या शेडमध्ये ठेवतो, घेणारा सापडेपर्यंत. गावातल्या बाकीच्यांशी बोललोय, अकरा जण तयार आहेत.

पांढरा_एप्रन (शुक्रवार, रात्री ९:१०)

प्रथमोपचार पेटी माझ्याकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन ज्यांनी घेतलं नसेल त्यांनी उद्याच घ्या.

चाक_आणि_रस्ता (शुक्रवार, रात्री ११:३०)

डबर मी नेतो. डेपोवाल्यांशी बोललो, रविवारी दहापर्यंत उघडा ठेवतात. डिझेलचे पैसे नको. ट्रॉली कुठपर्यंत आणू?

रानपायवाट (शुक्रवार, रात्री ११:४१)

मोरीच्या अलीकडेच लावा दादा. पलीकडे कडेची माती खचली आहे, आणि डोहाकडच्या वाटेवर सांबराचे ताजे खूर आहेत. ती वाट मोकळी ठेवू.